अण्णांची वाघीण

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, त्या पहिल्याच सकाळी मी गॅलरीत टॉवेल वाळत घालायला गेले आणि समोर वाघ. वाघाला धड नव्हतं. नुसतं डोकं, माझ्या कमरेच्या वर येणारं, जबडा आ वासलेला, जीभ लालभडक, आणि खालच्या सुळ्यावर कुणीतरी रुमाल वाळत घातलेला. मी ओरडले नाही, पण टॉवेल हातातून सुटून खालच्या मजल्यावर गेला. आतून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "रंग ओलो असा गो त्याचो. हात लावू नको."

माझी आणि अण्णांच्या कामाची ही पहिली भेट. खुद्द अण्णांशी ओळख व्हायला मात्र बरेच महिने गेले. माझे सासरे मुळात बोलायचे कमी, आणि बोलायचे तेव्हा त्यांच्या ओठांत बारीक खिळे धरलेले असायचे. हातातलं काम सोडून बोलायचं, किंवा बोलण्यासाठी खिळे काढून ठेवायचे, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "सूनबाई, चहा" हे मला "हूंहाई, हा" असं ऐकू यायचं. चाळीतली लहान मुलंसुद्धा ती भाषा समजायची. मला शिकायला वेळ लागला.

तरुणपणी अण्णा गिरणीत छपाई खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून गणपतीच्या दिवसांत जे हौसेने करायचे तेच पोटापाण्याचं काम झालं. मंडळांचे देखावे. बांबू, तरट, कागदाचा लगदा, प्लास्टर आणि भंगारातून आणलेल्या वायपरच्या मोटारी, एवढ्यातून अण्णा मान डोलावणारे हत्ती करायचे, डोळे गरागरा फिरवणारे राक्षस करायचे. पण लालबाग-काळाचौकीत त्यांचं नाव झालं ते वाघांमुळे. परबांचा वाघ म्हटलं की जबडा एवढा उघडणार की आतली पडजीभ दिसणार, शेपूट उभी, छाती फुगलेली, आणि मोटर फिरली की जबड्याची उघडझाप. पहिल्या रांगेतलं एखादं पोर रडल्याशिवाय अण्णांना काम जमल्यासारखं वाटायचं नाही.

माणसांकडे बघायची त्यांना सवय होती, आणि ती सवय घरच्यांना महागात पडायची. लग्नसमारंभात सगळे जेवत असताना अण्णा कुणाच्यातरी नाकाकडे एकटक बघत बसायचे. मग भाद्रपदात ते नाक एखाद्या राक्षसाला लागलेलं असायचं. एका वर्षी महिषासुराला हुबेहूब सासूबाईंच्या धाकट्या भावाचं तोंड आलं. सासूबाई हादरल्या, आता माहेर तुटलं असं समजून बसल्या. तर मामा सहकुटुंब आले, महिषासुराच्या बाजूला उभं राहून फोटो काढून घेतले, आणि अण्णांना मिठी मारून गेले.

कामात कुणी खोट काढली की अण्णांचं एकच उत्तर असे: "लांबून बघा." वाघाचा एक पाय आखूड वाटतोय? लांबून बघा. हत्तीचे दात पिवळे दिसतायत? लांबून बघा. हे उत्तर ते घरातही वापरायचे. सदऱ्यावर पडलेल्या रंगाला, सासूबाईंच्या करपलेल्या डाळीला, आणि मी केलेल्या पहिल्या मोदकांनाही. मोदकांच्या कळ्या उकडताना उमलल्या, तेव्हा अण्णांनी हाताने सगळ्यांना दोन पावलं मागे सारलं आणि खिळ्यांतून म्हणाले, लांबून बघा, मोदकच आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढे वाघ करणारा हा माणूस जनावराला विलक्षण घाबरायचा. फक्त मोठ्या जनावराला असं नाही, कुठल्याही. मांजर आडवं गेलं तर ते अपशकुन म्हणून नव्हे, तर मांजर म्हणून थांबायचे. खिडकीत कबुतर बसलं की खोली बदलायचे. चाळीच्या जिन्यात बंड्या नावाचा एक म्हातारा, अर्धा आंधळा कुत्रा झोपायचा. त्याने उभ्या आयुष्यात कुणाला चावल्याचं ऐकिवात नव्हतं. अण्णा वरच्या पायरीवर उभे राहून खोकायचे आणि कुणी येईपर्यंत वाट बघायचे. आलेल्या माणसाच्या पलीकडच्या बाजूने, भिंतीला पाठ घासत उतरायचे. माझी मुलगी रेवा चालायला-बोलायला लागली तशी ही कामगिरी तिच्याकडे आली. ती पुढे, अण्णा मागे, तिच्या फ्रॉकचा पट्टा धरून. बंड्याजवळ आल्यावर रेवा त्याला सांगायची, "झोप तू, आजोबा चाललेत."

एकदा मी न राहवून विचारलं की वाघ करताना भीती वाटत नाही का. ते म्हणाले, "माझ्या वाघाचं बटण माझ्याकडे असतं गं."

रेवा आठ वर्षांची झाली तेव्हा तिला प्राण्यांचं वेड लागलं. पुस्तकं, चित्रं, टीव्हीवरचे कार्यक्रम, शाळेतले प्रकल्प, सगळं त्याचंच. एका रविवारी अण्णा वाघाला पट्टे रंगवत बसले असताना तिने विचारलं, आजोबा, तुम्ही खरा वाघ कुठे बघितलात? अण्णांनी सांगितलं, राणीच्या बागेत, लहानपणी, तोही पाठ करून झोपलेला. मग ह्या वाघाचं तोंड कुठून आणलंत? ते कॅलेंडरवरून, काड्यापेटीवरून, आणि बाकीचं आपल्या मनाने. रेवाला हे काही पटेना. म्हणाली, आपण खरा बघायला जाऊया. अण्णा ब्रश न थांबवता म्हणाले, हो, जाऊ की.

मुलं असं काहीबाही म्हणतात आणि विसरतात, असा त्यांचा अंदाज होता. रेवा विसरणारी नव्हती. तिने वर्षभर पिच्छा पुरवला. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, मे महिन्यात रजा मिळणं शक्य नव्हतं, पण त्यानेच आमच्या चौघांचं ताडोबाचं बुकिंग केलं: रेवा, मी, आणि आजी-आजोबा. तीन सफारी, जंगलाच्या सीमेवरच्या एका गावात राहण्याची सोय.

मग अण्णांची सबबी सांगायला सुरुवात झाली. आधी गुडघा दुखला. मग चंद्रपूरच्या उन्हाच्या बातम्या मोठ्याने वाचून झाल्या. मग गावच्या घराची कौलं पावसाच्या आधी शाकारायला हवीत, ती आठवली. ती कौलं काढून पत्रे घातल्याला बरीच वर्षं झाली होती. सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला. "तेंका काय एक झाला नाय. भियतत."

रेवाला हे नवीन नव्हतं. तिने अण्णांना समजावलं की जीपमध्ये आपण वर असतो, वाघ खाली असतो, त्याला आपल्यात काही रस नसतो, आणि तुम्ही मधल्या जागेवर बसा. अण्णांनी खिळे चघळत विचार केला. नातीला नाही म्हणणं त्यांना जिन्यातल्या कुत्र्यापेक्षा अवघड होतं. ते आले.

राहायची जागा साधी, स्वच्छ होती. कौलारू खोल्या, पुढे पडवी, अंगणात मोहाचं मोठं झाड, आणि त्या झाडावर काळ्या तोंडाच्या माकडांचं अख्खं कुटुंब. अण्णांनी गाडीतून उतरताना वर पाहिलं आणि सरळ खोलीत जाऊन कडी लावली. दुपारचं जेवण त्यांना आतच द्यावं लागलं. आम्ही पडवीत जेवत असताना एक थोराड माकड कठड्यावर येऊन बसलं आणि सासूबाईंच्या पानातल्या भाकरीकडे बघायला लागलं. सासूबाईंनी मान वर न करता त्याला मालवणीत दोन शब्द सुनावले. ते उठून गेलं. "गेला काय?" बंद दाराआडून अण्णांनी विचारलं. गेला म्हटल्यावरही कडी निघाली नाही.

पहिल्या सफारीला पहाटे ते भर मे महिन्यात स्वेटर, कानटोपी आणि वर शाल घेऊन बाहेर आले. अंगाचा जेवढा कमी भाग उघडा राहील तेवढा बरा, असा हिशोब असावा. गेटवर आमचे फोन जमा करून घेतले, आत न्यायला बंदी होती. आमच्या गाइड वंदनाताई जवळच्याच गावच्या, खाकी शर्ट, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी शालीकडे पाहिलं, आणि गरम होईल जी, एवढंच म्हणाल्या.

पहिल्या फेरीत वाघ दिसला नाही. पण तास-दीड तासात शाल खांद्यावरून घसरली, मग कानटोपी गेली. अण्णा बघायला लागले होते. वाळक्या सागाच्या पानांचा नेमका रंग कसा आणायचा, गेरूत थोडा राखाडी, की पिवळा आधी मारून वर तपकिरी, हे ते स्वतःशीच बोलत होते. पाणवठ्यावर एक प्रचंड गवा उभा होता, काळाभोर, आणि चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. अण्णांनी मला कोपराने ढोसलं आणि कुजबुजले, "ह्याला मोजे कोणी घातले?" मोर, चितळं, रस्त्याकडेला निवांत बसलेलं घुबड, सगळ्यांकडे ते लग्नातल्या पाहुण्यांकडे बघावं तसे बघत होते. परत आल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता. सहल झाली, जनावरंही दिसली, आणि वाघ टळला.

संध्याकाळच्या फेरीत मात्र हुकलं ते अगदी थोडक्यात. तळ्याच्या पलीकडे चितळाचा घाबरा आवाज झाला, वंदनाताई उठून उभ्या राहिल्या, आमची जीप तिकडे निघाली, आणि आम्ही पोचलो तेव्हा पुढच्या जीपमधली माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. वाघीण रस्ता ओलांडून नुकतीच गेली होती. धुळीत पंजे उमटले होते. वंदनाताईंनी ते दाखवले, रेवा वाकून ते बघत राहिली.

आमच्या शेजारच्या खोलीतलं कुटुंब त्याच जीपमध्ये होतं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी ती वाघीण पुन्हा दोनदा रस्ता ओलांडायला लावली. रेवा नीट ऐकत होती, मधेच प्रश्नही विचारत होती, पण भात तसाच होता. तिला रडायचं नव्हतं, त्या घरातल्या मुलासमोर तर मुळीच नाही. अण्णा तिच्या ताटाकडे बघत होते.

जेवणं झाल्यावर मी बाहेर आले, तर अण्णा पडवीत एकटे बसलेले. माकडं अंधारात कुठेतरी फांद्यांवर होती, पानं हलल्याचा आवाज येत होता, आणि हा माणूस कडी-कुलपाशिवाय बाहेर बसला होता. मला म्हणाले, सकाळी नाही दिसला तेव्हा सुटलो असं वाटलं होतं. मग म्हणाले, "उद्या दिसायला पाहिजे गं. पोरीचं तोंड बघवत नाही."

शेवटच्या सफारीला ते शालीशिवाय आले. मधली जागा त्यांनी सासूबाईंना दिली आणि स्वतः कडेला बसले, कारण कडेवरून जास्त दिसतं. रेवा त्यांच्याजवळ. बांबूच्या प्रत्येक बेटात, प्रत्येक सावलीत ते वाघ शोधत होते. जंगल सुकलेलं होतं, जमिनीवर पानांचा खच, एखादं पान पडलं तरी ऐकू येत होतं. बराच वेळ काही नाही. वंदनाताईंनी एका वळणावर गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावलं. कसला आवाज नव्हता, त्यांनाच काहीतरी वाटलं असेल.

आणि ती बांबूतून बाहेर आली. थेट रस्त्यावर. आमच्याकडे तोंड करून चालायला लागली.

टीव्हीवर शंभर वेळा पाहिलं तरी तयारी होत नाही. ती घाईत नव्हती. रस्ता तिचाच होता, आणि आम्ही त्यात उभे होतो. वंदनाताईंनी मागे न बघता हाताचा पंजा उभा धरला: हलू नका. मी रेवाकडे पाहिलं. माझी पोरगी, जिला वाघाच्या मिशांपासून सगळं पाठ होतं, जी बंड्याला झोप म्हणून सांगायची, तिने दोन्ही हातांनी अण्णांचा सदरा मुठीत धरला होता आणि तोंड त्यांच्या कुशीत खुपसलं होतं. तिला जवळ घ्यायला हवं, धीर द्यायला हवा, आणि मला हातसुद्धा उचलता येईना.

अण्णांचा एक हात जीपच्या दांडीवर होता. बोटं पांढरी पडली होती. ते घाबरलेले होते, ह्यात मला आजही शंका नाही. पण त्यांची नजर वाघिणीवरून हलत नव्हती, आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. एखाद्या राक्षसाचं नाक सापडल्यावर व्हायचा तसा. त्यांनी दांडीवरचा हात सोडला, रेवाच्या डोक्यावर ठेवला आणि खाली वाकले. इतकं स्वच्छ बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"रेवा, बघ. तोंड मिटलेलं आहे तिचं."

रेवा हलली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, तितक्याच हळू. "खरंच गं. मिटलेलं आहे. आपल्याशी काही नाही तिचं. चालली आहे आपली."

रेवाने एक डोळा उघडला. मग दुसरा. तोवर वाघीण जीपच्या बाजूला आली होती, अण्णांच्या बाजूला, इतकी जवळ की पोटाखालची सैल कातडी चालताना इकडून तिकडे होत होती ती दिसत होती, एका कानाची कड फाटलेली दिसत होती, नाकावरच्या माशा दिसत होत्या. खांद्याची हाडं आळीपाळीने वर-खाली होत होती, एक वर, एक खाली. तिने चालता चालता मान वळवून अण्णांकडे एकदा पाहिलं. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे आपण बघतो तसं पाहिलं आणि सोडून दिलं. मग ती जीपच्या मागे गेली, रस्ता सोडला, आणि बांबूत शिरली. बांबू हललासुद्धा नाही.

सासूबाईंनी छातीशी जोडलेले हात सोडले आणि म्हणाल्या, "काय ती चाल." मग विचार करून, "अगदी आमच्या धाकट्या वन्सांसारखी."

त्यावर पहिले हसले ते अण्णा. आणि एकदा हसायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रेवाला त्यांनी घट्ट धरलं होतं, तीही हसत होती, वंदनाताई हसत होत्या. श्वास लागला तेव्हा अण्णा म्हणाले, "सगळे चुकले माझे. एकूण एक वाघ चुकला."

त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ते मला समजावत होते की आपण आयुष्यभर वाघाचा जबडा उघडला, छाती फुगवली, शेपूट उभी केली, आणि हिने त्यातलं काहीच केलं नाही. "हिला कुणाला काही दाखवायचंच नव्हतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, एखादी चांगली बातमी सांगावी तसे.

चाळीत आल्यावर गॅलरीत खुर्च्या टाकून वाघिणीची गोष्ट सांगायचा कार्यक्रम झाला. अण्णा सांगत होते. मी त्यात माझ्या लेकीचं तोंड लपवणं कसं येतंय ह्याची वाट बघत होते, आणि रेवाही बघत असावी, कारण ती दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. अण्णांच्या गोष्टीत ते आलंच नाही. त्यांनी सांगितलं, "मी घाबरून अर्धा झालो होतो. रेवाने दाखवली मला." मी तिच्याकडे पाहिलं. ती लाजून आत पळाली. पुढे कितीतरी वेळा त्यांनी ती गोष्ट सांगितली, आणि दर वेळी अशीच सांगितली.

वाघ बघून आलेल्या अण्णांची बंड्याची भीती गेली असेल असं कुणाला वाटलं असेल, तर ते तसं झालं नाही. दुसऱ्याच दिवशी ते वरच्या पायरीवर खोकत उभे होते. रेवाने विचारलं, आता कसली भीती? ते म्हणाले, वाघ वेगळा, कुत्रा वेगळा.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मंडळाने जंगलाचा देखावा करायचं ठरवलं होतं, आणि मधोमध परबांचा वाघ. अण्णांनी गॅलरीत कामाला सुरुवात केली. फोटो एकही नव्हता, फोन गेटवरच राहिले होते. होती ती फक्त दोघांची आठवण, आणि ती जुळत नव्हती. शेपूट खाली होती की टोकाशी वळलेली, ह्यावर आजोबा-नातीचा वाद आठवडाभर चालला. मग रेवा गॅलरीत हातापायांवर चालून दाखवायची, अण्णा बाजूला उकिडवे बसून तिच्या खांद्यांकडे बघायचे, आणि सासूबाई पाण्याची बादली घेऊन तिला ओलांडून जायच्या. अण्णांनी जबड्याची मोटर काढून टाकली आणि दोन मोटारी खांद्यांना लावल्या. एक वर, एक खाली. ते जमायला फार दिवस लागले. एकदा जमलं, आणि दुसऱ्या दिवशी बिघडलं. अण्णांनी पुन्हा सगळं उघडलं.

मंडळाचा अध्यक्ष प्रशांत बघायला आला. चांगला मुलगा, अण्णांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. त्याने वाघिणीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि अडचण सांगितली. लोकं तासनतास लाईन लावून येतात, त्यांना काहीतरी बघायला मिळालं पाहिजे. तोंड मिटलेला वाघ कोण बघणार? बाजूच्या मंडळाने डायनासोर आणलाय. तयार फायबरचा वाघ मिळतो, मोठा, जबड्यातून धूर येणारा. अण्णांना वाईट वाटणार नसेल तर...

इतकी वर्षं मंडळ म्हणेल ते अण्णा करत आले होते. पट्टे जाड म्हटलं तर जाड, डोळ्यांत लाल बल्ब म्हटलं तर लाल बल्ब. आता काय होणार म्हणून आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात कान देऊन उभे होतो. अण्णांनी ओठांतले खिळे एक एक करून काढले आणि खिशात टाकले. मी पहिल्यांदाच तसं होताना पाहिलं.

"प्रशांत," ते म्हणाले, "मी तिला बघितलंय."

प्रशांतने चहा मागितला. फायबरचा वाघ आला नाही. पण पोरांनी आपलं एक म्हणणं लावून धरलंच: स्पीकरवरून डरकाळी वाजणार. त्यामुळे देखावा उघडला तेव्हा अण्णांची वाघीण तोंड मिटून, खांदे हलवत शांतपणे चालत होती, आणि मांडवात कानठळ्या बसवणारी डरकाळी घुमत होती. मला वाटलं अण्णा खचतील. ते पोट धरून हसले. आणि एका लहान मुलाने विचारलं की हिचं तोंड बंद आहे तर आवाज कुठून येतो, तेव्हा त्याला गंभीरपणे म्हणाले, तो हिचा नाही, हिच्या मिस्टरांचा आहे. ते मागे आहेत.

देखावा गाजला वगैरे नाही. डायनासोरची रांग लांब होती. काही जण म्हणाले, वाघ झोपेत चाललाय. पण आमच्या मांडवात माणसं थबकायची. त्या खांद्यांकडे बघत उभी राहायची, पुढे सरकायची विसरायची, आणि कार्यकर्त्यांना चला चला म्हणून घसा कोरडा करावा लागायचा. आणि एकही पोर रडलं नाही. त्याबद्दल अण्णांनी काही तक्रार केली नाही.

तो त्यांचा शेवटचा गणपती. पुढच्या शिमग्याला ते आणि सासूबाई गावी गेले होते. दुपारी जेवून अण्णा पडवीत आडवे झाले ते उठलेच नाहीत. सासूबाई म्हणाल्या, त्रास काहीच झाला नाही, माशाचं जेवण झालं होतं आणि ताट चाटून पुसून ठेवलं होतं. ते सांगताना त्यांना रडू आलं, आणि ताटाची गोष्ट सांगताना थोडं हसूही.

पण अण्णा मला डोळ्यांसमोर येतात ते त्या गणपतीतले. दुपारची वेळ होती, ऑफिसातून मी लवकर निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी मांडवाची रांग लागली होती, आणि त्या रांगेत मला अण्णा दिसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, शेजारी रेवा. इतकी वर्षं अण्णा पडद्याच्या मागे, वायरींच्या गुंत्यात असायचे. रांगेत उभं राहून आपला देखावा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मी जवळ गेले तर त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. त्यांच्या पुढे अंबरनाथहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातली बाई अण्णांना विचारत होती की इथे एवढं थांबण्यासारखं काय आहे, की डायनासोरकडे जावं. अण्णा म्हणाले, मलाही नक्की माहीत नाही, पण वाघीण चांगली आहे असं ऐकलंय. रेवाने हसू दाबायला तोंडावर हात घेतला होता.

रांग हलली. अण्णांनी मला हाताने घरी जा अशी खूण केली, खिशातून लहानसा कंगवा काढला, केसांवरून दोनदा नीट फिरवला, सदऱ्याची कॉलर सारखी केली, आणि रेवाचा हात धरून आत गेले.